हरलेल्यांचा चहा

मशिनखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे हे किस्से साठतात. रोज झाडला तर ठीक, नाहीतर एक दिवस पायाला टोचतो. आम्ही चार रिटायर्ड माणसं संध्याकाळी संत तुकाराम नगरच्या बागेत बसतो. कुणीतरी म्हणतं, "राव, तुमच्या त्या बास्केटबॉल टीमचं सांगा की!" की माझं झाडणं सुरू. ऐकणारे पोट धरून हसतात. मीही हसतो. घरी जाताना मात्र तोंड कडू झालेलं असतं.

खेळाने माणूस सुधारतो, अंगी खिलाडूवृत्ती येते, नम्रता येते, असं आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. ज्याने लिहिलं तो आमच्या कोर्टावर कधी फिरकला नसणार!

*

साल सत्तरच्या आगेमागेचं. आमची पिंपरीतली कंपनी, नाव कशाला घ्या, त्या काळी सगळ्या सारख्याच होत्या. हजेरी लावणाऱ्या टाइम ऑफिसात साळवी म्हणून क्लार्क होते. मूळचे रत्नागिरीकडचे, अंगाने काडी, आवाज मात्र असा की मशिन शॉपच्या खडखडाटातही ऐकू यावा. मुंबईत शिकताना बास्केटबॉल खेळलेले. कंपनीच्या कॉलनीत मोकळी जागा दिसली आणि या माणसाच्या अंगात आलं. मॅनेजमेंटच्या मागे लागून सिमेंट मिळवलं, पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांचे बोर्ड केले, फॅब्रिकेशनमधून रिंगा वाकवून आणल्या. आम्हाला खेळ शिकवला, म्हणून ते 'मास्तर' झाले.

मी टीममध्ये होतो. म्हणजे बाकावर होतो. कायमचा राखीव. माझी कामं दोन, टॉवेल सांभाळणं आणि किटली धरणं.

किटलीचं असं की मास्तरांनी पहिल्याच मॅचला एक रीत घालून दिली. आमच्या कोर्टावर मॅच झाली की जिंकलेल्या टीमने हरलेल्या टीमला चहा द्यायचा. नोकराकरवी नाही. स्वतःच्या हाताने ओतून, एकेकासमोर उभं राहून.

कुणीतरी विचारलं, "मास्तर, आणि हरलेल्यांनी काय करायचं?"

मास्तर म्हणाले, "मेल्या, त्यांनी तो प्यायचा. ते जास्त कठीण असतं!"

पहिली काही वर्षं आम्ही हे कठीण कामच करत होतो. पाहुण्या टीम यायच्या, आम्हाला धुऊन काढायच्या आणि आमच्याच किटलीतून आम्हाला चहा पाजून जायच्या. आसपासच्या कंपन्यांत नाव झालं होतं, पिंपरीला जा, मॅचही मिळते आणि चहा ओतायलाही मिळतो.

खरं सांगतो, तेच दिवस बरे होते.

*

मग कंपनीच्या साहेबांना वाटलं, आता जिंकायला पाहिजे. आणि शेखर माने आला.

सहा फुटांच्या वर उंच, गोरा, कपाळावर केसांची झुलपं. युनिव्हर्सिटी खेळलेला. त्याच्या हातात बॉल आला की बघत राहावं, हे मी आजही मान्य करतो. देवाने हात दिले होते. हात देताना देव बहुतेक घाईत असावा, बाकीचं राहून गेलं.

कंपनीने त्याला खेळाडू म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी आमच्या फोरमननी त्याला लेथवर उभं केलं, तर तासाभरात वरून फोन! "मान्यांच्या बोटाला लागलं तर जबाबदार कोण?"

फोरमन जुने, फटकळ. फोन ठेवून म्हणाले, "मग ह्याला मशिनवर कशाला पाठवता? काचेच्या कपाटात ठेवा, वर दिवा लावा!"

माने वेल्फेअर ऑफिसात बसू लागला. टेबल, पंखा, पेपर. मशिनला हात लावायचा त्याला पुन्हा प्रसंग आला नाही. शिफ्ट म्हणजे काय हे त्याला आम्ही सांगितलं तेवढंच माहीत.

*

हिरो आला तसे भक्तही आले. त्यांचा म्होरक्या बबन. हा माझ्या शेजारच्या मशिनवर. चाकणकडचा, मनाने वाईट नाही, पण बास्केटबॉलचा एकही नियम त्याला शेवटपर्यंत कळला नाही. ऑइलचा रिकामा डबा आणि लोखंडी सळई घेऊन तो कोर्टाच्या कडेला बसायचा आणि समोरच्या खेळाडूने बॉल हातात घेतला रे घेतला की बडवायला लागायचा.

एकदा पाहुण्यांचा एक पोरगेला खेळाडू उडी मारताना पाय मुरगळून पडला. आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! डबा वाजला! मास्तरांनी मॅच थांबवली. तरातरा चालत बबनपुढे जाऊन उभे राहिले.

"अरे, माणूस पडला म्हणून टाळ्या वाजवता?"

बबन खाली मान घालून म्हणाला, "न्हाई मास्तर. पडला तवा न्हाई वाजिवल्या. उठंना झाला तवा वाजिवल्या!"

तुम्ही हसताय. मास्तर परत येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "हा खोटं तरी बोलत नाही. ह्याला शिकवू कसं?"

*

एक किस्सा खेळाचा नाही, पण बबनचाच आहे म्हणून सांगतो. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न कासारवाडीला होतं. मांडवाला लागूनच एक कारखाना. बबन पंगतीत बुंदी वाढत होता. हातात परात, समोर व्याही. तेवढ्यात तिथला शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला. बबनने परात होती तिथेच, व्याह्यांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली, हात झटकले आणि चालायला लागला!

"अरं कुटं?" त्याचा बाप ओरडला.

बबन भानावर आला आणि म्हणाला, "सुटली न्हवं?"

पण पंगतीत जास्त हसलं कोण, तर शेतकरी पाहुणे. आम्ही कंपनीवाले हसलो नाही, कारण आमच्यातल्या निम्म्यांनी हातातला घास ताटात ठेवला होता. वर्षानुवर्षं भोंगा झाला की मशिन बंद, हात बंद. डोक्याला विचारायला हात थांबतच नाहीत.

*

मान्यांवर परत येतो.

आम्ही जिंकायला लागलो. साहेबांनी टीमचा सत्कार ठेवला, शाल, नारळ, सगळं. मास्तरांनी मान्यांना आदल्या दिवशी पढवलं होतं, "बाबा, दोन शब्द सहकाऱ्यांबद्दल बोल हो." माने माइकपुढे उभा राहिला. आपल्या बास्केटबद्दल बोलला, आपल्या सरावाबद्दल बोलला, आपल्या आहाराबद्दल बोलला. मग मास्तरांकडे लक्ष गेलं असावं. म्हणाला, "आणि हो, बाकीच्या चौघांचेही आभार. नियमाप्रमाणे पाच जण लागतातच."

टाळ्यांचा कडकडाट! ते चौघेही टाळ्या वाजवत होते.

*

त्या चौघांतला गायकवाड. वडील कंपनीत हेल्पर, स्वतः ग्राइंडिंगला. बोर्डाखाली उभा राहणारा, दणकट आणि गरीब स्वभावाचा. त्या काळी असा नियम होता की फाउल झाला तर करणाऱ्याने आपणहून हात वर करायचा. मास्तरांचा हा सगळ्यात आवडता नियम. ते म्हणायचे, "चूक झाली की हात वर. एवढं जमलं तर घरीही भांडणं होणार नाहीत."

माने हात वर करायचाच नाही. कोपर मारायचा आणि आभाळाकडे बघायचा. गर्दीत रेफरीला नीट दिसलं नाही की तो वर आलेला हात शोधायचा. आणि हात कुणाचा वर यायचा? गायकवाडचा!

एका मॅचमध्ये सुरुवातीलाच गायकवाडचे पाच फाउल झाले. तो बाहेर आला, माझ्याकडून टॉवेल घेतला. अंगावर घामाचा थेंब नव्हता!

मास्तरांनी विचारलं, "गायकवाड, तू कुणाला धक्का दिलास रे?"

"कुणालाच नाही सर."

"मग हात का वर केलास?"

"सर, मान्यांना बाहेर काढलं तर आपण हरणार. आणि लोक मला धरणार. त्यापेक्षा हे बरं."

तो बाकावर बसला तेव्हा मागून बबनची गँग ओरडत होती, "ए आडदांड! नीट खेळ की!"

मास्तर रेफरीकडे जाऊन खरं काय ते सांगून आले. रेफरी म्हणाला, "साळवी, हात त्याने वर केला, मी काय करू?" माने कोर्टावर बुटाची नाडी बांधत होता. सगळं ऐकत होता.

*

आणि तरीही एकदा आम्ही हरलो. मान्यांचे शेवटचे दोन्ही फ्री थ्रो चुकले. मग बबन गरजला, "ह्या गायकवाडापायी हारलो!"

मी म्हटलं, "अरे, गायकवाड आज सेकंड शिफ्टला आहे. आलाच नाही तो."

"त्येच म्हंतोय मी!" बबन म्हणाला. "आलाच न्हाई!"

दुसऱ्या दिवशी गायकवाडच्या सायकलची हवा सोडलेली होती. त्याने पंप मागून आणला, हवा भरली आणि घरी गेला. मला तेव्हा फार वाईट वाटलं. असल्या लोकांसाठी कशाला खेळायचं, असं मी त्याला म्हटलंही. तो म्हणाला, "मास्तरांसाठी खेळतो मी."

*

आता मास्तरांचं ऐका. त्यांची रिटायरमेंट जवळ आली होती. आम्ही एकामागून एक मॅच जिंकत होतो, पण आमच्या या हिरोने एकदाही कुणाला चहा दिला नव्हता. शेवटची घंटा झाली की बबन आणि कंपनी त्याला खांद्यावर उचलायची आणि थेट कॉलनीच्या गेटपर्यंत वाजतगाजत न्यायची. मागे हरलेली टीम, आम्ही, मास्तर आणि किटली.

मास्तरांनी एकदा विचारलंच त्याला. तर म्हणतो, "सर, मी द्यायला तयार आहे. पण लोक खाली ठेवतच नाहीत!"

मास्तरांना ते लागलं. एका संध्याकाळी कपबशा विसळताना मला म्हणाले, "मला कप नको, ढाल नको. ह्या पोराने एकदा, फक्त एकदा, हरलेल्या माणसापुढे उभं राहून चहा ओतलेला बघायचाय. तेवढं झालं की मी गावी जायला मोकळा. नाहीतर मग मी इथे केलं काय? सिमेंट ओतलं!"

मी पुढची बशी दिली.

त्या वर्षी फायनल आमच्याच कोर्टावर होती. आदल्या दिवशी मास्तर मान्यांच्या टेबलापाशी गेले, मी बरोबर होतो. मान्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि हसून म्हणाला, "सर, तुमची शेवटची फायनल ना? जिंकलो तर पहिला कप माझ्या हातचा. शब्द!"

मास्तर परत येताना अक्षरशः गुणगुणत होते.

*

आता त्या कोर्टाच्या जागी स्कूटर स्टँड आहे. एक बोर्ड पडला, दुसऱ्याच्या रिंगला कुणीतरी जुनी ट्यूब अडकवून ठेवली. मास्तर गावी जाऊन वारले, ते आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं. माने बढती घेऊन कुठल्या कुठे गेला. त्याच्या हस्ते अजून बक्षिसं वाटली जातात म्हणे, आणि तो खिलाडूवृत्तीवर बोलतो म्हणे. बोलू दे. मला राग यायचाही कंटाळा आलाय.

पण ती फायनल सांगतो आणि उठतो.

*

समोर कासारवाडीच्या एका फोर्जिंग कारखान्याची टीम. सगळे तापलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवरचे गडी, दंड मांडीएवढे. कॅप्टन निवृत्ती, खेडचा, मितभाषी माणूस. हा पूर्वी आम्हाला हरवून आमच्याच किटलीने चहा पाजून गेलेला.

त्या दिवशी आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी. आमचा भोंगा गप्प. पण रस्त्यापलीकडच्या कंपनीची सुट्टी वेगळ्या वारी, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. मॅच संपल्याची खूण म्हणून नेहमीप्रमाणे शाळेतून पितळी घंटा आणली होती आणि आमचा इलेक्ट्रिशियन घड्याळ धरून टेबलाशी बसला होता.

मॅच काय झाली म्हणता! शेवटचे काही सेकंद, निवृत्तीची टीम एका पॉइंटने पुढे, बॉल निवृत्तीकडे. त्याला फक्त वेळ काढायचा होता. तो आमच्या रिंगजवळच, म्हणजे आम्ही जिच्यात बास्केट करायचो तिच्या बाजूला, बॉल आपटत उभा. माने त्याच्यासमोर हात पसरून.

आणि पलीकडचा भोंगा झाला.

निवृत्तीने बॉल थांबवला. हातातलं हत्यार ठेवावं तसा हळूच जमिनीवर ठेवला. त्याचे चारी गडी जागच्या जागी थांबले. आमचेही थांबले. गायकवाडने तर तेल पुसावं तसे हात चड्डीला पुसले. बबनची सळई डब्यावर यायची ती हवेतच राहिली. प्रेक्षकांतले निम्मे लोक उठून पायात चपला सरकवायला लागले.

निवृत्तीने समोर हात पुढे केला, मान्यांच्या हातात द्यायला.

मान्यांनी त्या हाताकडे बघितलं. मग खाली वाकून बॉल उचलला, दोन ढांगा टाकल्या आणि बास्केट केली. सबंध मैदानात तेवढा एक माणूस हलत होता.

रेफरीने टेबलाकडे बघितलं. इलेक्ट्रिशियनने घड्याळ दाखवलं, वेळ शिल्लक होती. बास्केट धरली गेली. पुढे घंटा झाली आणि आम्ही एका पॉइंटने जिंकलो!

मग काय, गदारोळ! डबे, शिट्ट्या, माने खांद्यावर. मास्तर धावत रेफरीकडे गेले. रेफरी म्हणाला, "मी शिट्टी वाजवली नव्हती, घंटा झाली नव्हती. नियम म्हणजे नियम." मास्तर गर्दीत घुसले आणि त्यांच्या त्या आवाजात ओरडले, "खाली ठेवा त्याला!"

बबनने पहिल्यांदाच कुणाचं ऐकलं. माने खाली उतरला.

"सर, मी काय चुकीचं केलं? सांगा ना," तो म्हणाला.

नियमाने चुकीचं काहीच नव्हतं. मास्तरांनी माझ्या हातातली किटली घेतली आणि त्याच्यापुढे धरली. "शब्द दिला होतास," एवढंच म्हणाले.

मान्यांनी समोर बसलेल्या फोर्जिंगवाल्यांकडे बघितलं. मग खुर्ची ओढून बसला. "देतो हो सर. जरा दम तर खाऊ द्या."

किटली तशीच हवेत. मास्तर तसेच उभे.

तेव्हा निवृत्ती उठला. शांतपणे आला आणि मास्तरांच्या हातातून किटली घेतली.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," तो म्हणाला. "आज आमी देतो."

पहिला कप त्याने भरला आणि दोन्ही हातांनी मान्यांपुढे धरला. मग गायकवाडला दिला. मग आमच्या एकेकासमोर उभं राहून सगळ्यांना दिला, मलाही दिला. बबनने डबा पायाशी ठेवला होता. गायकवाडने कप हातात धरला होता, तोंडाला लावत नव्हता.

मान्यांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"साखर कमी आहे," तो म्हणाला.

सगळे हसले. बबन तर डबा वाजवून हसला.

साळवी मास्तर साखर आणायला गेले.